चिंधी ईशान्येची

"कशी आहेस" असं एकदाही न विचारता माझ्या जवळचा झालेला माणूस एकच, आमच्या ऑफिसातले काका. ते विचारायचे, "वारा कथाईन शे?" म्हणजे वारा कुठून आहे. सकाळी ऑफिसात भेटले तरी हेच, आजारपणानंतर आठ दिवसांनी मी कामावर आले तरी हेच. पहिल्या दिवशी मी गोंधळून हात वर करून पंख्याकडे बघितलं होतं. काकांनी मान हलवली आणि मला जिन्याकडे नेलं.

मी तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन सुरतेतल्या हवा मोजणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत नुकतीच लागले होते. सहा महिन्यांची कच्ची नोकरी होती. वडिलांचे गुडघे लूमवर उभं राहून राहून कामातून गेले होते आणि कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या नोकरीकडे डोळे लावून तिघं बसले होते. माझं काम म्हणजे पर्वत पाटियाजवळच्या एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर ठेवलेलं यंत्र सांभाळणं. ते यंत्र आठवड्यातून दोन दिवस चालायचं. पोटातल्या पांढऱ्या कागदातून हवा ओढून घ्यायचं, दर आठ तासांनी तो कागद आम्ही बदलायचो, आणि लॅबमधल्या मॅडम त्याचं वजन करायच्या. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की उरते ती धूळ. त्या धुळीचा आकडा मग वर कुठेकुठे जायचा आणि त्यावरून शहराची हवा बरी की वाईट ते ठरायचं. सकाळचा आणि दुपारचा कागद काकांचा आणि माझा, रात्रीचा दुसऱ्या एकाचा.

काका मूळचे शिंदखेड्याकडचे. ऐन उमेदीतली वर्षं त्यांनी लूमवर काढली होती. तिथून ते या यंत्रापर्यंत कसे पोचले हे ते दर वेळी वेगळं सांगत, त्यामुळे मी विचारायचं सोडून दिलं. पण कापड त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. गच्चीवरच्या लोखंडी दांड्याला त्यांनी साडीच्या काठाची हातभर चिंधी बांधलेली असे. ही चिंधी म्हणजे त्यांचं वारा बघायचं साधन. त्यासाठी त्यांनी म्हणे वर्षभर कापडं तपासली होती. जॉर्जेट बाद केलं, कारण ते कोणी नुसतं शेजारून गेलं तरी नाचतं. सुती बाद, कारण दमट हवेत ते मरून पडतं. शेवटी शिफॉनवर मन बसलं. दर सोमवारी पर्वत पाटियाच्या एखाद्या साडीवाल्याकडून ते काठाचा तुकडा मागून आणत, आणि तोही रंग बघून. आभाळावर उठून दिसेल असाच रंग त्यांना लागायचा.

गच्चीवर जायचे त्यांचे नियम देवळापेक्षा कडक होते. चपला खालच्या पायरीवर. पँटचे पाय झटकायचे. ओढणी झटकायची. यंत्राच्या दिवशी तोंडाला पावडर लावायची नाही. एकदा मी लग्नाहून परस्पर कामावर आले, तर काकांनी मला जिन्यातच थांबवून खालच्या नळावर तोंड धुवायला लावलं. मी धुसफुसत वर आले तेव्हा ते वहीत लिहीत होते. मी डोकावून बघितलं. "सकाळी ६.१०, पोरगी पावडर लावून आली. धुतली."

ही वही हा सगळ्या ऑफिसच्या चेष्टेचा विषय होता. दर वेळी भरायच्या छापील फॉर्मवर शेवटी बोटभर जागेत शेऱ्याचा रकाना असे. बाकी सगळे तिथे "निल" लिहून मोकळे होत. काकांना "निल" या शब्दाची चीड होती. जगात काहीच घडलं नाही असे आठ तास त्यांनी कधी पाहिले नव्हते. बोटभर रकाना भरला की ते कागदाच्या पाठीवर जात, पाठ भरली की चिठ्ठी डकवत. मॅडम हात जोडून म्हणायच्या, "काका, रिमार्कमां आखी रामायण ना लखो." तेव्हापासून काकांनी फॉर्मवर सार लिहायचं आणि रामायणासाठी दोनशे पानी वही घालायची असा तोडगा काढला. वहीत सगळा परिसर होता. "७.३०, समोरच्या सोसायटीत झाडलोट, वारा पूर्व." "९.००, टेम्पो बंद पडला, पाऊण तास काळा धूर, वारा पूर्व, धूर आपल्याकडे आला नाही." "११.१५, वरघोडा म्हणजे लग्नाची वरात, फटाके." "१२.४०, मी दोनदा शिंकलो." लिहायचं पेननं, आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, हा त्यातला मोठा नियम.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, आकडा मशीन देतंच ना? मग हे कशाला?"

"आकडा अर्धी गोट सांगस," काका म्हणाले. "बाकी अर्धी वारा सांगस. आनि वाराले लिखता येत नही."

आकडा अर्धीच गोष्ट सांगतो हे त्यांनी मला पुढे उदाहरणासह दाखवलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गच्चीवरचा आकडा एकदम खाली आला. आमचे साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या ऑफिसला खमण आणलं. शहरात घेतलेल्या उपाययोजनांवर ते पाच मिनिटं बोलले. काका कोपऱ्यात खमण खात होते. बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की उपाययोजना झाल्या असतील तर आनंदच आहे, पण कारखान्यांच्या चिमण्या होत्या तिथेच आहेत आणि धूरही तेवढाच आहे. पंधरा दिवसांपासून वारा समुद्राकडून जोरात वाहतोय, तो सगळं उचलून भलतीकडे टाकतोय. थंडीत वारा पडला की आकडा परत येईल. थंडीत वारा पडला आणि आकडा परत आला. साहेबांनी त्या वेळी काही आणलं नाही.

घरच्यांचीही यातून सुटका नव्हती. मुलीच्या लग्नात आचारी पुऱ्या तळायला बसले तर काकांनी त्यांना दोनदा उठवून जागा बदलायला लावली, कारण वारा फिरत होता आणि धूर मांडवात येत होता. तिसऱ्यांदा आचाऱ्यांनी झारा खाली ठेवला. वऱ्हाड ताटावर बसलेलं. मग काकांनी आचाऱ्यांना हात लावला नाही, वऱ्हाडच उठवून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. काकू मला हे सांगताना हसत होत्या, पण त्या दिवशी त्या हसल्या नसाव्यात.

आता त्या दसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजूनही कानकोंडं होतं.

आमच्या इमारतीच्या नैऋत्येच्या कोपऱ्यावर, रस्त्याकडेला, हिंगोलीकडच्या एका मावशींची चणे-शेंगदाण्याची लारी, म्हणजे हातगाडी, होती. लारीवर मातीची भट्टी, भट्टीवर वाळूची कढई, आणि जळणाला कुठल्यातरी मोडक्या लाकडी पेट्यांच्या फळ्या. नवरा गेल्यापासून मावशी एकट्याच ती चालवायच्या. आम्हाला रोज गरम शेंगदाण्यांची एक पुडी यायची. सोसायटीवाल्यांना मात्र धुराचा त्रास होता आणि त्यांनी तसा अर्जही केला होता. महानगरपालिकेनं आमच्या ऑफिसकडे विचारणा केली होती की भट्टीमुळे हवेवर खरंच परिणाम होतो का. म्हणजे मावशींच्या लारीचं भवितव्य आमच्या पांढऱ्या कागदावर येऊन बसलं होतं.

त्यातच दसरा यंत्राच्या दिवशी आला. काका दर दसऱ्याला गावी जात. जाताना त्यांनी मला सूचना दिल्या: गच्ची झाडायची नाही, ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, पावडर नाही, अगरबत्ती नाही. मी मान डोलावली. त्यांच्या शंभर तऱ्हांपैकी ही आणखी एक, असं मी धरून चालले.

आदल्या संध्याकाळी आईनं विचारलं, "मशीनले पूजानं सामान लिधं का?"

मी म्हटलं, काकांनी अगरबत्ती नको म्हणून सांगितलंय.

आई बघतच राहिली. आमच्या घरात दसऱ्याला लूमची पूजा न करता कोणी धोटा हलवला नव्हता. वडील तर एरवीही रोज पहाटे लूमला अगरबत्ती ओवाळून मगच बटण दाबायचे. आई म्हणाली, "रोजनी गोट येगळी. दसराले मशीन उपाशी ठेवशी का? त्यानावर तर आपलं घर चाली राह्यनं." खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. पहिली नोकरी, पहिला दसरा.

सकाळी सहाला मी नवा कागद बसवला, यंत्र सुरू केलं, आणि मग आईनं दिलेली पिशवी उघडली. कुंकू, झेंडूची माळ, नारळ, चंदनाच्या अगरबत्तीचा पुडा आणि धुपाच्या चार वड्या. एक-दोन अगरबत्त्या लावून भागलं असतं. पण हौसेला मोल नव्हतं, मी पुडाच्या पुडा पेटवला आणि यंत्राच्या छपराखाली, जिथून ते हवा ओढतं तिथेच, खोचला. धूप पायाशी ठेवला. यंत्र एका सुरात गुणगुणत होतं आणि धूर कसा छान आत जात होता. देवानं नैवेद्य घेतल्याचं मी तरी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. दुपारी कागद काढला तेव्हा तो करडा झाला होता. मी पुडीत घालून लॅबला पाठवला आणि शेऱ्यात लिहिलं, "निल". देवाचा धूर हाही धूरच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पदवीचा कागद घरी फ्रेम करून लावलेला होता, तरी आलं नाही.

तीन दिवसांनी ऑफिसात गडबड उडाली. एवढा आकडा आमच्या गच्चीनं कधी दिला नव्हता. साहेबांना लगेच भट्टी आठवली आणि त्यांनी महानगरपालिकेला उत्तर लिहायला घेतलं. बातमी लारीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुपारी मी खाली उतरले तर मावशी माझ्याकडे बघत उभ्या.

"काय गं लेकी," त्या म्हणाल्या, "रोज तुमाला दाणे देते मी. तुमच्या मशिनीनं माजंच नाव कसं काय घेतलं? लारी उचलून नेली तर मी कुठं जाऊ, सांग बरं."

मी काहीतरी पुटपुटले. माझ्या हातात त्या दिवशीही पुडी होती. जिना चढताना एकदम सगळा उजेड पडला. पण मी वर जाऊन गप्प बसले. कच्ची नोकरी, वडिलांचे गुडघे, घरातली तीन माणसं, सगळं एकदम आठवलं. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

त्याच दिवशी काका गावाहून परतले. ते आधी लॅबमध्ये गेले, मॅडमकडून तो कागद मागून घेतला आणि नाकाशी धरला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग गच्चीवर येऊन यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "दसराले वारा कथाईन व्हता?"

मी लिहिला नव्हता. बघितलाही नव्हता.

"चाल," ते म्हणाले.

आम्ही खाली उतरलो, लारी ओलांडली आणि रस्त्यापलीकडच्या साडीच्या दुकानात शिरलो. हे दुकान लारीच्या बरोबर नैऋत्येला. मालकाला काकांनी दसऱ्याची सकाळ कशी गेली असं विचारलं मात्र, तो माणूस तीन दिवस हाच प्रश्न कोणी विचारावा म्हणून थांबल्यासारखा सुरू झाला. "मत पूछो काका. सीजन का दिन, बाहर नई साड़ियाँ लटकाईं, और सुबह से दोपहर तक उस मौसी का सारा धुआँ सीधा मेरी दुकान में. झगड़ा हो गया हमारा." काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तेही विचारलं, वहीत लिहिलं, आणि झगडा केल्याबद्दल त्याचे आभार मानले. मालक बुचकळ्यात पडला.

वर आल्यावर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. "धूर दुकानमा गया. म्हंजे वारा ईशान्यना. आपलं मशीन त्या बाईना धूरले दिसनं बी नही." त्यांनी वही मिटली. "मंग कागद काळा कसाकाय व्हयना?"

मी म्हटलं, "काका, मी पूजा केली."

"मले माहीत शे. तू कुंकू पुसेल नही."

यंत्राच्या कपाळावर, बटणाच्या वर, माझं लालभडक कुंकू तसंच होतं. तीन दिवस मी रोज त्याच्यासमोर उभी राहत होते.

मला रडू आलं. मी विचारलं, "हे लिहिलं तर माझी नोकरी जाईल का?"

दुसऱ्या कोणी "छे, काही होत नाही" असं म्हटलं असतं. काका म्हणाले, "जाईबी शकस. नही लिखं तर तिन्ही लारी जाई." मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "मी लिखनार नही. त्या दिनले मशीन तुन्हाकडे व्हतं."

मी लिहिलं. फॉर्मवरच्या त्या "निल"च्या पुढे, न खोडता, बारीक अक्षरात: सकाळी सात ते आठ, यंत्राच्या तोंडाशी एक पुडा चंदन अगरबत्ती, चार वड्या धूप, दसऱ्यानिमित्त. वारा ईशान्य, साडीच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून. नोंद तीन दिवस उशिरा केली. खाली सही. सही झाल्यावर हलकं वाटलं.

साहेबांनी तो फॉर्म दोनदा वाचला. मग मॅडमना बोलावून वाचायला दिला. मॅडम तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या आणि बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. "एटले आखो दसरो फिल्टरमां," एवढं मात्र ऐकू आलं. तो नमुना रद्द झाला. महानगरपालिकेचं पत्र साहेबांनी टेबलाच्या खणात सारलं. माझ्याकडून दोन पानी खुलासा घेतला आणि माझी कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची राहील असं सांगितलं. ती गेली नाही, हेच मला पुष्कळ होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "देवले दखाडेल वाया जास नही." तिला यात काही चुकलं असं आजही वाटत नाही.

काका तेवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना जाऊन सांगितलं की दसऱ्याच्या कागदाशी तुमचा संबंध नाही, पण दुपारी नैऋत्येचा वारा सुटला की तुमचा धूर थेट गच्चीवर येतो, हे माझ्या वहीत पन्नास वेळा लिहिलेलं आहे आणि कोणी विचारलं तर मी वही दाखवणार. मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजे तुमी माज्या बाजूनं बोलायलेत का इरोधात?" काका म्हणाले, वारा जसा असेल तसा. आठ दिवस आम्हाला दाणे आले नाहीत.

नवव्या दिवशी मावशींनी लारी आपणहून शंभर पावलं पुढे, चौकाच्या तोंडाशी नेली. जळण कोरडं घ्यायला लागल्या. चौकात गिऱ्हाईकही जास्त निघालं, त्यामुळे राग ओसरला आणि पुडी परत सुरू झाली. पुढे तर त्या सकाळी गच्चीवरच्या चिंधीकडे बघूनच भट्टीचं तोंड फिरवायच्या. साडीवालाही दुकानाबाहेर माल लटकवण्याआधी मान वर करायचा. काकांनी त्यानंतर चिंधी हातभराची दीड हात केली, लोकांना लांबून दिसावी म्हणून.

काका निवृत्त झाले तेव्हा गच्चीवर नवं, आपोआप चालणारं यंत्र नुकतंच आलं होतं. वारा मोजायचं स्वतःचं उपकरण त्याला आहे, दिशा आकड्यात दाखवतं. काका निवृत्तीनंतर तीन दिवस बिनपगारी येऊन त्या आकड्यांशी चिंधी ताडून बघत बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "बरं शे." मग नऊ वह्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि गावी गेले.

त्या वह्या मी बरेच दिवस उघडल्या नाहीत. परवा एका नव्या मुलीला गच्चीचे नियम सांगत होते, तर ती म्हणाली, "पण पावडर का नाही लावायची?" मी तिला सगळं समजावून सांगितलं, यंत्र कसं ओढतं, कागदावर काय बसतं, अगदी माझ्या अगरबत्तीपर्यंत. ती गेल्यावर मला ते पान बघावंसं वाटलं. दसऱ्याला काका गावी होते, म्हणजे पान कोरं असणार, असं मी धरलं होतं. पान भरलेलं होतं.

"दसरा. मी गावी. पोरीला अगरबत्ती लावू नको सांगितलं. का ते सांगितलं नाही. तिनं लावली. निम्मी चूक माझी. वारा ईशान्य, मंद."

मी ते तीन-चार वेळा वाचलं. डोळे भरून आले. मग मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, काका, हे काय लिहून ठेवलंय, चूक सगळी माझी होती, ती ओळ मी आता खोडणार आहे.

पलीकडे शेतावरच्या मोटारीचा आवाज येत होता.

"पेननं लिखेल शे," ते म्हणाले. "खोडानं नही." आणि लगेच, "आज वारा कथाईन शे?"

नवं यंत्र समोरच होतं, पडद्यावर आकडा होता. मी मान वर करून चिंधीकडे बघितलं आणि त्यांना सांगितलं.